गांजा, भांग आणि औषध: जुन्या वापराचा इतिहास आणि आजचा रुग्ण

जालना जिल्ह्यातल्या ओपीडीत हा प्रश्न सहसा दार लोटून घेतल्यावर विचारला जातो. रुग्ण बाहेर बाकावर बसलेला असतो, मुलगा किंवा जावई एकटाच आत येतो आणि आवाज खाली करून म्हणतो, "साहेब, ते गांजाचं तेल म्हणतात ते आणावं का आईसाठी? मोबाइलवर आलंय, कॅन्सर जातो म्हणून." कधी आकडी येणाऱ्या लेकराची आई विचारते. कधी गुडघेदुखीने बेजार झालेले आजोबा स्वतःच सांगतात, "आमच्या वडिलांच्या काळी वैद्य भांगेची गोळी द्यायचे, तुम्हीच आता नाही म्हणता."

आजोबांचे म्हणणे खोटे नाही. भांग आणि गांजा आपल्याकडे शेकडो वर्षे औषध म्हणून वापरले गेले, आणि त्यातला मोठा भाग महाराष्ट्राच्या व गोव्याच्या मातीत घडला. पण जुने वैद्य काय देत होते आणि आज बाटलीत काय विकले जाते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक कळण्यासाठी आधी इतिहास पाहू.

एकच झाड, तीन वस्तू

झाड एकच. त्याची पाने म्हणजे भांग. मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. शेंड्यांवरचा चिकट राळेसारखा भाग म्हणजे चरस. नशा आणणारे मुख्य द्रव्य टीएचसी पानांत कमी, शेंड्यांत जास्त आणि राळेत सर्वांत जास्त असते. दुसरे महत्त्वाचे द्रव्य सीबीडी. त्याने नशा येत नाही. बियांमध्ये ही दोन्ही जवळजवळ नसतात. आपल्याकडच्या कायद्यानेही हीच विभागणी धरली आहे, त्याकडे पुढे येऊ.

वैद्यांची विजया

अथर्ववेदात संकटातून सोडवणाऱ्या पाच वनस्पतींमध्ये 'भंग' हे नाव येते. ते याच झाडाचे की दुसऱ्या कशाचे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. औषध म्हणून स्पष्ट वर्णन मध्ययुगातल्या ग्रंथांत सापडते. शार्ङ्गधर संहितेत भांगेची गणना अफूच्या शेजारी, 'व्यवायी' द्रव्यांत केली आहे. व्यवायी म्हणजे पचण्याआधीच अंगभर पसरणारे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात तिचे गुण दिले आहेत: कफ कमी करणारी, पाचक, मल बांधणारी, उष्ण, पित्त वाढवणारी, आणि मोह, मद, बोलणे व जठराग्नी वाढवणारी. ज्याने भांग प्यायलेला माणूस पाहिला आहे त्याला हे वर्णन लगेच पटेल. भूक लागणे आणि बडबड सुटणे, दोन्ही आले.

विजया, जया, मातुलानी ही तिची ग्रंथातली नावे. जुलाब-संग्रहणीवरच्या जातीफलादी चूर्णात ती असते. वैद्य कच्ची पाने देत नसत. पाने पुन्हा पुन्हा धुऊन, वाळवून, तुपात परतून त्यांचे 'शोधन' होत असे आणि मात्रा मोजून दिली जाई. युनानी हकिमांच्या माजूनमध्येही ती होती. जालना 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, त्यामुळे या भागात वैद्य आणि हकीम अशा दोन्ही परंपरा शेजारी शेजारी नांदल्या.

एक गोष्ट मात्र जुन्या ग्रंथांच्या नावाने आज खपवली जाते, ती सांगायलाच हवी. भावप्रकाशाने भांगेला जे गुण दिले, त्यांत अर्बुद म्हणजे गाठ विरघळवण्याचा गुण नाही. पचन, झोप, वेदना, कामशक्ती ही तिची ग्रंथातली मुख्य कामे. 'आयुर्वेदात कॅन्सरवर गांजा सांगितला आहे' असे कोणी म्हटले तर कोणत्या ग्रंथात, हे जरूर विचारा.

गोव्याचा डॉक्टर आणि अहमदनगरचा दरबार

गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्यात आला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी तो उपचारासाठी जात असे, तिथल्या हकिमांशी वाद घालत असे. त्याचे इकडच्या औषधांवरचे पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापले गेले. त्यातले एक प्रकरण भांगेवर आहे. पाने कुटून त्यात सुपारी, जायफळ, जायपत्री, कापूर असे काय काय मिसळतात, हे त्याने नोंदवले आहे. आपले नोकर ती घेतात, मग त्यांना कामाचा शीण वाटत नाही आणि खूप भूक लागते, असेही तो लिहितो.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा पोर्तुगीज सरदाराला म्हणाला होता की रात्री पोर्तुगाल, तुर्कस्तान, अरबस्तान फिरून यावेसे वाटले तर मी थोडी भांग खातो. ही गोष्ट ओर्तानेच सांगितली आहे. पण डॉक्टर म्हणून मला त्याची दुसरी नोंद जास्त मोलाची वाटते. घाटावर त्याच्यासोबत असलेल्या एका पोर्तुगीज विदूषकाने भांगेचा पाक खाल्ला. आधी तो गुंगला, नंतर उदास होऊन रडू लागला. माणूस लोकांना हसवणारा, आणि भांगेने रडवले. एकाच द्रव्याचा दोन माणसांवर असा उलटा परिणाम आजही दिसतो, आणि कोणावर कसा होईल हे आधी सांगता येत नाही.

कलकत्त्याचे प्रयोग

आधुनिक वैद्यकात गांजा शिरला तो 1839 मध्ये. कलकत्ता मेडिकल कॉलेजातला आयरिश डॉक्टर विल्यम ओशॉनेसी (पुढे याच माणसाने भारतात तारायंत्राचे जाळे उभारले) याने पंडित आणि हकिमांना विचारून माहिती जमवली, मग प्राण्यांवर आणि त्यानंतर रुग्णांवर गांजाच्या अर्काचे प्रयोग केले. संधिवात, कॉलरा, धनुर्वात, पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणारा रेबीज. त्याच्या नोंदींत अवघ्या 40 दिवसांच्या एका मुलीचीही हकिगत आहे. तिला वारंवार झटके येत होते आणि अर्काने ते थांबले.

ओशॉनेसी प्रामाणिक होता. रेबीजचा रुग्ण वाचला असे त्याने लिहिले नाही. रुग्णाला शेवटी थोडे गिळता आले, वेदना कमी झाल्या, आणि तो गेला. धनुर्वातात स्नायूंची ओढ कमी झाली, काही रुग्ण वाचले. सतत सेवनाने येणाऱ्या भ्रमाबद्दलही त्याने इशारा दिला. रोग बरा करणारे औषध आणि त्रास कमी करणारे औषध यांतला फरक त्याला पावणेदोनशे वर्षांपूर्वी स्पष्ट होता. मोबाइलवर येणाऱ्या संदेशांत नेमका हाच फरक पुसलेला असतो.

त्याने अर्क विलायतेला नेला आणि तिथल्या औषधकोशांत गांजा दाखल झाला. मुंबईत सरकारी औषध भांडाराचे प्रमुख विल्यम डायमॉक यांनी पश्चिम भारतातल्या वनौषधींवर लिहिलेल्या ग्रंथांतही भांग-गांजाची सविस्तर नोंद आहे. त्या काळी तो दवाखान्यातल्या इतर बाटल्यांसारखीच एक बाटली होता.

1893 ची चौकशी

गांजामुळे हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळे भरली आहेत, अशी ओरड विलायतेच्या पार्लमेंटात झाली आणि 1893 मध्ये एक चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाने देशभर फिरून 1193 साक्षी नोंदवल्या. 1894 चा अहवाल सात खंडांचा आहे आणि शेवटच्या खंडात मुंबई इलाखा व वऱ्हाडातल्या साक्षी आहेत. मुंबई इलाख्यात तेव्हा गांजाची परवानाधारक लागवड मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात होई. म्हणजे आपल्या पश्चिमेला गांजा पिकत होता आणि उत्तरेला, वऱ्हाडातल्या बुलढाण्याकडून, साक्षी घेतल्या जात होत्या.

पचन, ताप, वेदना, झोप यांसाठी वैद्य भांग-गांजा देतात, आणि बैलांच्या दुखण्यातही त्यांचा सर्रास वापर होतो, असे साक्षींतून पुढे आले. माफक सेवनाने सहसा मोठे नुकसान दिसत नाही, अतिरेकाने मात्र शरीर आणि मन दोन्ही बिघडते, असा आयोगाचा निष्कर्ष होता. बंदीऐवजी कर आणि परवाने सुचवले गेले. वेड्यांच्या इस्पितळांतले दाखले तपासल्यावर आणखी एक गोष्ट निघाली: रुग्ण आणणाऱ्या पोलिसाने कारणाच्या रकान्यात 'गांजा' लिहिले, की पुढे कोणी पडताळत नसे.

या अहवालाचा आधार घेऊन 'गांजा निरुपद्रवी' असे आज सांगितले जाते. पण आयोगापुढचा गांजा आणि आजचा माल एक नाही, आणि किशोरवयीन मेंदूवर त्याचा काय परिणाम होतो हे त्या काळी कोणी मोजलेच नव्हते.

मग डॉक्टरांनी तो सोडला का?

कायद्याच्या आधी डॉक्टरांनीच तो बाजूला ठेवला होता. कारण साधे होते. एका बाटलीच्या दहा थेंबांनी काहीच होत नसे, दुसऱ्या बाटलीच्या दहा थेंबांनी रुग्ण दिवसभर गुंगत असे. आतले नेमके द्रव्य कोणाला माहीत नसल्याने ताकद मोजताच येत नव्हती. शिवाय ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून सुईने देता येईना, आणि सुईने देता येणारे मॉर्फिन हाताशी होते. 1899 मध्ये ॲस्पिरिन आले, नंतर झोपेची आणि फिटची औषधे आली. 1932 मध्ये ब्रिटिश औषधकोशातून आणि 1942 मध्ये अमेरिकी औषधकोशातून गांजा वगळला गेला.

गंमत अशी की कोडे सुटले ते त्यानंतर. इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि सहकाऱ्यांनी 1964 मध्ये टीएचसी वेगळे काढून त्याची रचना दाखवली. पुढे मेंदूत त्याला बसायच्या खास जागा सापडल्या, आणि 1992 मध्ये त्या जागांसाठी शरीर स्वतःच बनवत असलेले एक द्रव्य. त्याचे नाव 'आनंदामाइड', संस्कृत 'आनंद' वरून ठेवलेले. वेदना, भूक, मळमळ, झोप, स्मरण या सगळ्यांत या यंत्रणेचा हात आहे. जुने वैद्य पचन आणि वेदनेसाठी भांग का देत होते, याचे एक उत्तर इथे मिळते.

आज कशावर पुरावा आहे?

थोड्याच गोष्टींवर.

फिट्स: लहान वयात सुरू होणाऱ्या, इतर औषधांना दाद न देणाऱ्या ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गास्टो या दोन दुर्मीळ आजारांसाठी शुद्ध सीबीडीच्या द्रावणाला अमेरिकेत 2018 मध्ये मान्यता मिळाली; 2020 मध्ये ट्यूबरस स्क्लेरोसिसची भर पडली. नेहमीच्या आकडीच्या आजारासाठी ते पहिले औषध नाही. इथे पालकांनी एक हिशेब करावा. अभ्यासांत दिलेली मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज 10 ते 20 मिलिग्रॅमच्या आसपास होती. म्हणजे 20 किलोच्या मुलाला दिवसाला 200 ते 400 मिलिग्रॅम. ऑनलाइन घेतलेल्या बाटलीवर 'एकूण 300 मिलिग्रॅम' लिहिले असेल तर ती दोन दिवसही पुरत नाही. थेंब-थेंब दिलेल्या तेलाकडून त्या परिणामाची अपेक्षा कशी करणार? आणि मात्रा घरच्या घरी वाढवायची तर त्याहून मोठा धोका: व्हॅल्प्रोएट चालू असेल तर यकृताला सूज येऊ शकते, क्लोबाझाम चालू असेल तर गुंगी खूप वाढते. चालू गोळ्या अचानक बंद केल्या तर फिट थांबेनाशी होऊ शकते, आणि त्यात जीव जाऊ शकतो.

केमोथेरपीची मळमळ: टीएचसीच्या गोळीला अमेरिकेत 1985 पासून मान्यता आहे. पण आज ऑन्डान्सेट्रॉनसारखी औषधे आहेत, जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळतात आणि डोके गुंगवत नाहीत. उलटी थांबत नसेल तर आधी केमो देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, ते औषध बदलू शकतात.

मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा आणि मज्जातंतूंची जुनाट वेदना: काही रुग्णांना थोडा आराम पडतो. गुडघ्याची झीज, मधुमेह, दमा यांसाठी भरवशाचा पुरावा नाही.

आणि कॅन्सर बरा होण्याबद्दल: प्रयोगशाळेतल्या पेशींवर आणि उंदरांवर काही परिणाम दिसले आहेत. माणसाचा कॅन्सर गांजाच्या तेलाने बरा होतो असे दाखवणारा पुरावा नाही. तोंडाचा किंवा स्तनाचा कॅन्सर, जो ऑपरेशन आणि केमोने आटोक्यात येण्यासारखा होता, तो तीन-चार महिने तेल घेत घरी बसल्यामुळे हाताबाहेर जातो. पैसे गेले तर पुन्हा कमावता येतील, हे महिने परत मिळत नाहीत. तेल द्यायचेच असे घरात ठरले असेल, तरी उपचार थांबवू नका आणि डॉक्टरांपासून लपवू नका. आम्ही रागावू या भीतीने लोक सांगत नाहीत. आमच्यापैकी काहीजण रागावतातही, ही आमची चूक आहे.

वेदना असह्य असेल तर

तेलाची चौकशी करणाऱ्या बऱ्याच घरांत खरा प्रश्न गाठीचा नसतो. रात्रभर कण्हणारी आई बघवत नाही, हा असतो. त्यावर मॉर्फिनची तोंडाने घ्यायची गोळी हे जगभर मान्य झालेले, स्वस्त आणि मोजून देता येणारे औषध आहे. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर परवान्यांच्या जाचामुळे ते रुग्णालयांतून जवळजवळ नाहीसे झाले. 2014 च्या दुरुस्तीने नियम सोपे केले आणि मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवता येऊ लागले. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय जालन्याहून साधारण 60 किलोमीटरवर आहे. तिथे किंवा तुम्ही उपचार घेत असाल त्या रुग्णालयात 'वेदनाशमन' किंवा 'पॅलिएटिव्ह केअर' असा शब्द वापरून विचारा. कॅन्सरच्या वेदनेसाठी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनने व्यसन लागेल ही भीती बाळगू नका.

कायदा काय म्हणतो?

1985 चा अमली पदार्थ कायदा गांजा आणि चरस यांना लागू आहे. शेंड्यांशिवायची पाने आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणूनच भांग देशात काही ठिकाणी सरकारमान्य दुकानांत मिळते. पण राज्याचे नियम वेगळे असतात. महाराष्ट्रात दारूबंदी कायदा भांगेलाही लागतो, त्यामुळे 'पाने चालतात' असे समजून साठा करू नका. परवान्याशिवाय गांजाची लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कपाशी किंवा तुरीच्या आड लावलेली झाडे पकडल्याच्या बातम्या मराठवाड्यातून अधूनमधून येतातच. 'घरच्या औषधापुरती दोन झाडे' असा अपवाद कायद्यात नाही.

आयुर्वेदिक औषधांत भांग वापरता येते. मात्र औषध नियमांच्या ई-1 अनुसूचीत तिचा समावेश विषारी द्रव्यांत आहे, म्हणून अशा औषधाच्या वेष्टनावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' अशी सूचना लागते. बाजारातली 'विजया' तेले याच वाटेने येतात. घ्यायचीच असतील तर नोंदणीकृत वैद्यांच्या चिठ्ठीवर घ्या, आणि बाटलीवर उत्पादन परवाना क्रमांक व टीएचसी-सीबीडीचे प्रमाण मिलिग्रॅममध्ये लिहिले आहे का ते पाहा. नसेल तर ती बाटली परत करा. भांगेच्या बिया आणि बियांचे तेल यांना 2021 मध्ये खाद्यपदार्थ म्हणून मान्यता मिळाली. ते पौष्टिक असेल, पण ते औषधी सीबीडी तेल नव्हे. नावातल्या या गोंधळावर बरेच दुकानदार धंदा करतात.

संशोधनही चालू आहे. जम्मूच्या केंद्रीय प्रयोगशाळेला 2017 मध्ये औषधी संशोधनासाठी लागवडीचा परवाना मिळाला. डिसेंबर 2020 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने 27 विरुद्ध 25 मतांनी गांजाला सर्वांत कडक यादीतून काढले. भारताने बाजूने मत दिले. याचा अर्थ औषधी अभ्यासाला वाट मोकळी झाली. चिलीम कायदेशीर झाली असा नाही.

कोणी अजिबात घेऊ नये

घरात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा तशा प्रकारचा मानसिक आजार असेल तर टीएचसी असलेली कोणतीही वस्तू टाळा. पंचविशीच्या आतली मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, हृदयविकाराचे रुग्ण (नाडी एकदम वाढते), रक्त पातळ करणारे वॉरफेरिन घेणारे, आणि गाडी किंवा यंत्र चालवणारे यांनीही. स्टीलच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या कामगाराला मी हे मुद्दाम सांगतो.

महाशिवरात्र किंवा रंगपंचमीला होणारा घोळ वेगळाच. प्यायलेली भांग चढायला अर्ध्या तासापासून दोन तासही लागतात. "काहीच होईना" म्हणून माणूस दुसरा पेला घेतो आणि दोन्ही एकदम चढतात. घाबरणे, छातीत धडधड, आपण मरतोय असे वाटणे. बहुतेक जण शांत खोलीत, सोबत कोणी बसले तर काही तासांत सावरतात. उलटी काढायला मिठाचे पाणी पाजू नका, झोपलेल्याला कुशीवर वळवून ठेवा. शुद्ध हरपत असेल, छातीत दुखत असेल, झटका आला असेल, किंवा लहान मुलाने चुकून पेला प्यायला असेल तर थेट रुग्णालय गाठा. अंग तापलेले, तोंड कोरडे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या आणि असंबद्ध बडबड दिसली तर भांगेत धोत्रा मिसळलेला असू शकतो. हेही तातडीचे आहे. उरलेली भांग सोबत न्या. डॉक्टर उपचारासाठी विचारतात, पकडून देण्यासाठी नाही.

सेवन सुटत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक त्रासासाठी टेलिमानस 14416 हे सरकारी क्रमांक आहेत.